‘योगायोग’ की ‘संपात’ : एका गणिती संज्ञेची चिकित्सा

गोलावरून गोलावर जाणारी दोन संतत फलने एखाद्या बिंदूस एकच मूल्य देत असतील, तर त्या घटनेस मराठीत काय म्हणावे? घाईच्या भाषांतरकाराच्या हाती ‘योगायोग’ हा शब्द प्रथम लागतो. तो सर्वस्वी त्याज्य होय. योगायोगात यदृच्छा गृहीत असते. प्रस्तुत प्रमेयांचा रोख अनिवार्यतेवर आहे. द्विमितीय गोलपृष्ठावरून स्वतःवर जाणारी दोन फलने कोठेच जुळली नाहीत, तर पहिले फलन दुसऱ्याच्या व्यासान्तरित प्रतिमेत अखंडपणे परिणत करता येते व त्यांच्या कोटींची बेरीज शून्य येते. ती शून्य नसेल, तर मूल्ये कोठे तरी जुळलीच पाहिजेत. १९२६ मध्ये लेफ्शेट्झने ह्या विचारास व्यापक सूत्ररूप दिले.

‘संपात’ निःसंशय सरस. पंचांगामुळे तो घरोघरी पोचलेला आहे. शिवाय गोलावरील दोन बृहद्वृत्ते परस्परांस छेदल्यावाचून राहत नाहीत, त्यामुळे वसंतसंपातात अनिवार्यतेचा अर्थ आधीच मुरलेला आहे.

तथापि दोष आहे, आणि तो किरकोळ नव्हे. वसंतसंपातात वृत्ते व छेदबिंदू एकाच खगोलावर असतात. फलनांच्या संपातात बिंदू एका गोलावर आणि समान मूल्य दुसऱ्यावर. मग ‘संपातबिंदू’ कोणता? त्यात शालेय भूमितीतील ‘संपाती रेषा’ सर्वच बिंदूंत एक असतात. ह्या अर्थाने प्रत्येक फलन स्वतःशी संपाती ठरेल. परंतु खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो : त्याच्या दोन प्रती किंचित विकृत करून पूर्णतः विलग करता येतील काय? द्विमितीय गोलाच्या तादात्म्य फलनाबाबत ते अशक्य आहे. उलट हॉप्फने १९३१ मध्ये मांडलेले, त्रिमितीय गोलावरून द्विमितीय गोलावर जाणारे फलन आपल्या व्यासान्तरित प्रतिमेत परिणत होऊ शकते, आणि ह्या दोहोंचा संपात कोठेच होत नाही. ‘सर्वत्र एक’ आणि ‘कोठे तरी एक’ ह्यांत गल्लत करणाऱ्या विद्यार्थ्यास हा भेद दिसणारच नाही.

बोर्सुकच्या १९३३ च्या प्रमेयाचे लोकप्रिय उदाहरणही असेच फसवे. तापमान व वायुदाब संतत मानल्यास पृथ्वीवर दोन व्यासान्तरित स्थळी ही दोन्ही मूल्ये समान असतात. वर्ध्याचे व्यासान्तरित स्थळ दक्षिण पॅसिफिक महासागरात पडते. वैशाखातील वर्ध्याचा ताप तेथेही असेल, असे प्रमेय मुळीच म्हणत नाही.

म्हणून ‘संपात’ ठेवावा, पण प्रांतातील बिंदूस ‘संपातस्थान’ आणि समान प्रतिमेस ‘संपातमूल्य’ म्हणावे. ‘संपाती’ हे विशेषण मात्र रेषांकडेच राहू द्यावे.