कडी, आकडा आणि गाठवण

न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळातल्या बायका डिसेंबरच्या तोंडावर ख्रिसमसच्या झाडासाठी टांगती शोभा करतात. मोत्यांची कैरी, खणाच्या कापडाचा तारा, लाल मण्यांचं डाळिंब. शेजारणींकडे, मुलांच्या शिक्षिकांकडे त्या वस्तू पोचतात आणि मण्यांचं, रंगसंगतीचं कौतुक होतं. ते रास्तच आहे. मला मात्र त्यांच्या वरच्या बोटभर भागाबद्दल लिहायचं आहे, कारण खरं कसब तिथे आहे.

दुकानात मिळणारे हिरव्या तारेचे आकडे हलक्या काचेच्या गोळ्यांसाठी असतात. गोळ्याच्या तोंडावर पत्र्याची टोपी बसते. तिच्यातली दुपायी तार आत शिरली की फाकते आणि गोळा धरून ठेवते. ही जर्मन काचकामाची देणगी. लाउशा गावात १५९७ पासून काच घडते आहे, आणि जुन्या जाड गोळ्यांच्या पितळी टोप्यांवर नक्षीही असे. दुसऱ्या महायुद्धात धातू मिळेना, तेव्हा अमेरिकेतल्या ‘शायनी ब्राइट’च्या गोळ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या आल्या. पण टोपीला पोकळ गोळा लागतो. मण्यांनी गच्च विणलेल्या कैरीला ती बसवणार कुठे?

म्हणून या बायकांनी सगळं हाताने करायचं ठरवलं. २० गेजची, म्हणजे साधारण ०.८ मिलिमीटर जाडीची पितळी तार कैरीच्या पोटातून आरपार जाते. खाली तिला मोठा मणी अडकवतात, म्हणजे भार विणीवर न येता त्या मण्यावर येतो. वर तारेचा फास वळवून त्यात कडी. कड्याही घरच्याच: विणकामाच्या सुईवर तार गुंडाळायची आणि एकेक वेढा कापायचा. कडी उघडताना टोकं दोन बाजूंना ओढत नाहीत, एक पुढे आणि एक मागे वळवतात. ओढली तर गोलाई जाते, फट राहते आणि त्या फटीतून दोरा निसटतो.

आणि मग दोरा. आमच्यातल्या एका काकूंचं लहानपण पुण्याच्या पेठेत पटवेकऱ्याच्या दुकानाशेजारी गेलं. सोनार मणी घडवतो, पण ठुशी गळ्यात बसते ती पटवेकऱ्याच्या गाठवणीमुळे. मागच्या दोरीची ती सरकती गाठ, हवी तेवढी आवळावी, हवी तेवढी सैल करावी, काकूंनी पाहून पाहून उचलली होती. आता तीच गाठ रेशमी दोऱ्यात, जरीचे वेढे देऊन कडीवर चढते. तोडून आणलेलं झाड दिवसागणिक सुकतं, फांद्या खाली झुकतात आणि साधा आकडा टोकाकडे घसरत जातो. सरकत्या गाठीचा फास फांदीवर आवळून बसतो. फांदी जाड असो की बारीक. इतकं चोख उत्तर मी दुकानातल्या कुठल्याही वस्तूत पाहिलेलं नाही.

पटवेकऱ्यांचं काम महाराष्ट्रातही आता शोधावं लागतं. इथे मात्र काकूंच्या जेवणाच्या टेबलाभोवती अमेरिकेतच जन्मलेल्या मुली पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून पीळ घालत बसतात. त्यांच्यापैकी एकीने यंदा आजीची ठुशी स्वतः गाठवली. आजवर हे काम भारतात जाण्याची वाट पाहत कपाटात पडून राहायचं. दिवाळीला ती ठुशी घालून आली, तेव्हा काकूंनी आधी तिची मान वळवून मागची गाठ तपासली.