वृंदेचा शाप
ईश्वर फसवू शकतो काय, या प्रश्नाला पुराणे नकार देत नाहीत. पद्मपुराणात विष्णू जालंधराचे रूप घेऊन वृंदेचे पातिव्रत्य भंगतो. वामनकथेत शुक्राचार्य बळीला आधीच सावध करतात, म्हणून तेथील फसवणूक अर्धीच उरते. वृंदेला मात्र कोणीही सावध करीत नाही. टीकाकारांना ‘लीला’ हा शब्द सोयीचा खरा, पण शापापुढे तो अपुरा पडतो. सीताहरण हे त्या शापाचेच फळ ठरते, म्हणजे कपटाची परतफेड देवालाही चुकत नाही. सावंतवाडी परिसरातील दशावतारात हे आख्यान होते. तेथे संवाद परंपरेने लिखित नसतात. वृंदेचा आरोप किती धारदार व्हावा, हे स्त्रीवेषातील नटाच्या उत्स्फूर्त वाणीवर ठरते, आणि तोही जत्रेच्या रात्री, देवळासमोर.