बोहाड्याचे मुखवटे : कागदी शिल्पाच्या समीक्षेची एक दिशा

पालघर जिल्ह्यातील आदिवासी कलेचा विचार प्रामुख्याने चित्राभोवतीच फिरत आला आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्यामुळे वारली चित्र १९७० च्या दशकात भिंतीवरून कागदावर आले व चित्रकाराला नाव मिळाले. २०११ मध्ये मशे यांना पद्मश्री प्राप्त झाली. परंतु चिंचणी-डहाणूच्या किनारपट्टीवरून पूर्वेस जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात गेल्यास कागदाचे निराळेच रूप भेटते. तेथे तो चित्राचा पृष्ठभाग राहत नाही. शिल्पाचे द्रव्य होतो.

बोहाड्याच्या उत्सवात गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण इत्यादींची सोंगे मुखवटे धारण करून नाचतात. अनेक गावी विशिष्ट सोंगाचा मान विशिष्ट घराण्याकडे असतो. पूर्वी हे मुखवटे लाकडात कोरले जात. पुढे कागदाच्या लगद्याचे मुखवटे रूढ झाले. रद्दी भिजवून, कुटून, चिकट द्रव्यात मळून केलेला लगदा मातीच्या साच्यावर थापला जातो व वाळल्यावर रंगविला जातो. या स्थित्यंतराकडे ऱ्हास म्हणून पाहण्याचा मोह होतो. तो निराधार आहे. रावणाचे अनेक तोंडांचे सोंग माणसाने मस्तकी घेऊन नाचावयाचे आहे. कागदाच्या हलकेपणाने शिल्पकाराला आकाराचे स्वातंत्र्य दिले आणि नर्तकाच्या मानेला गतीचे.

बटबटीत डोळे, भडक रंग, ठसठशीत मिशा हे या मुखवट्यांवरील नेहमीचे आक्षेप. दिवसाच्या उजेडात, भिंतीवर टांगलेल्या मुखवट्यापुरते ते खरेही वाटतात. मात्र ही शिल्पे मशालींच्या हलत्या प्रकाशात, संबळाच्या ठेक्यावर, दुरून पाहण्यासाठी घडविलेली आहेत. नाजूक रेषा तेथे टिकलीच नसती! प्रेक्षकाने शिल्पाभोवती फिरावे ही शिल्पकलेची परिचित अपेक्षा येथे उलटी होते. शिल्पच प्रेक्षकांपुढून फिरते.

दिवाणखान्यासाठी केलेल्या लहान मुखवट्यांचा प्रश्न यातूनच उद्भवतो. त्यांतून कारागिराला मिळकत होते, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. तथापि ज्यात चेहरा शिरू शकत नाही, त्याला बोहाड्याचा मुखवटा म्हणणे कितपत योग्य? लगदा तोच, रंग तेच. पण आतील पोकळी, जिच्यात सोंग घेणारा श्वास घेतो, ती नाहीशी झालेली असते. मुखवट्यांची छायाचित्रे बहुधा समोरून घेतली जातात. त्यांत ही आतली बाजू दिसत नाही, आणि चित्राखाली देवाचे नाव असले तरी घडविणाऱ्याचे क्वचितच असते.