हिवाळी भूतकथा : शेगडीची ऊब आणि भयाचे प्रयोजन

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये नाताळच्या सुमारास भूतकथा सांगण्याची व वाचण्याची प्रथा दृढ झाली. बाहेर अंधार व थंडी, आत शेगडी व सोबत. त्यामुळे श्रोता निर्धास्तपणे भयाचा आस्वाद घेतो, असे या कथांच्या आकर्षणाचे कारण सामान्यतः सांगितले जाते. हे विवेचन अंशतःच समाधानकारक आहे.

चार्ल्स डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल' (१८४३) मध्ये थंडी केवळ वातावरणनिर्मितीसाठी येत नाही. कारकुनाला पुरेसा कोळसाही न देणाऱ्या स्क्रूजचे अंतःकरणच गोठलेले आहे. साखळदंड ओढत येणाऱ्या मार्लीच्या भुतापेक्षा 'अज्ञान' आणि 'दारिद्र्य' ही दोन हडकुळी मुले वाचकाला अधिक अस्वस्थ करतात. शेगडीच्या उबेपासून कोण वंचित आहे, हाच या कथेचा प्रश्न होय. अखेरीस स्क्रूज कारकुनाला आणखी कोळसा आणण्यास सांगतो, तेव्हा त्या प्रश्नाला उत्तर मिळते.

हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू' (१८९८) चा प्रारंभही नाताळच्या आदल्या रात्री शेगडीभोवती जमलेल्या मंडळींपासून होतो. मात्र शिक्षिकेचे हस्तलिखित संपते तेथेच कादंबरिका संपते. लेखक त्या मंडळींकडे परतत नाही. डिकन्स वाचकाला उबेत परत आणतो, जेम्स त्याला बाहेरच ठेवतो.

सारांश, सुरक्षितता ही हिवाळी भूतकथेची पूर्वअट असली, तरी श्रेष्ठ कथा त्या सुरक्षिततेचीच परीक्षा घेते. या प्रकाराला निव्वळ करमणूक मानणाऱ्या समीक्षेच्या व अध्यापनाच्या दृष्टीतून नेमकी हीच परीक्षा निसटते.