ओल्या रानातली पऱ्हाटी

कार्बन तंतू घालून बळकट केलेलं प्लास्टिक मोडलं, की मोडल्या जागेचा फोटो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काढतात. असे दोन फोटो शेजारी ठेवून निवांत पाहावेत. पहिल्यात तंतू गुळगुळीत, उघडेबोडके उभे; मधे मधे निसटून गेलेल्या तंतूंची गोल, स्वच्छ भोकं. अकोला-अमरावतीकडच्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. ओल्या रानातून पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, उपटली की अशीच सळकन हातात येते. दुसऱ्या फोटोत तंतूंच्या अंगाला प्लास्टिकचे लपके आहेत, आणि बरेच तंतू न निघता जागीच तुटलेत. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीतली पऱ्हाटी चिमट्याशिवाय निघत नाही. जोर केला तर बुडाशी कटकन मोडते. तसे.

दोन्हीत तंतू एकच, प्लास्टिकही एकच. फरक फक्त कातडीचा.

सात मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाचा हा तंतू. त्याच्या अंगावर ग्राफाइटचे पापुद्रे असतात आणि त्यातल्या अणूंचे हात आपापसातच गुंतलेले. परक्याला द्यायला हात मोकळा नाही. बोंडातला कापूसही असाच मानी. पाण्यावर टाका, मेणाच्या पातळ थरामुळे तरंगत राहतो. कॉस्टिक सोड्यात उकळला की मग भिजतो. (नातंही आहे: एडिसनने 1879 मध्ये जाळून कोळसा करून दिव्यात बसवलेला सुती दोरा हा कार्बन तंतूचा पूर्वजच.)

कारखान्यात तंतू अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यातून नेतात आणि त्यात वीज सोडतात. अंगावर ऑक्सिजनचे गट उगवतात. मग धुवून, वाळवून वर खळ चढवायची, मागावरच्या सुताला चढवतात तशी. इपॉक्सी या खळीशी आनंदानं जुळतं. थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापवलं की वितळणारं प्लास्टिक, तसं जुळत नाही. ‘पीक’ नावाचं प्लास्टिक 343 अंशांना वितळतं. त्याला ओतायच्या आचेत नेहमीची इपॉक्सी खळ करपते. पॉलिप्रॉपिलीनला तर धरायला बोटंच नसतात, म्हणून त्यात मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन थोडं मिसळावं लागतं.

मला यातली खरी कारागिरी वाटते ती कुठं थांबायचं याची. वीज जास्त झाली तर तंतूच खंगतो. आणि प्लास्टिक ठिसूळ असून पकड फार घट्ट बसली, तर तडा तंतूला वळसा न घालता सरळ आरपार जातो. तो तिसरा फोटो: फुटलेल्या खापरासारखा सपाट. त्यात उपटलेला तंतू नाही, भोकही नाही.