पाठराखण की दाखला?

कवितासंग्रह निघाला की त्याच्या मलपृष्ठावर कुणातरी मोठ्या माणसाच्या दहा ओळी येतात. मराठीत त्यांना पाठराखण म्हणतात. शब्द जबरदस्त आहे. पाठ राखायची म्हणजे मागून येणारा वार स्वतःच्या अंगावर घ्यायचा. आपल्या पुस्तकांच्या पाठीवरच्या ओळी हे काम करतात का, एवढंच मला तपासायचंय.

सहीची किंमत साहित्यिकाला ठाऊक नसेल, कामगाराला पक्की ठाऊक असते. गिरणीच्या पतपेढीत कर्ज काढायचं तर दोन जामीन लागतात. कर्जदाराने हप्ते बुडवले की जामीनदाराच्या पगारातून कापणार. म्हणून सही मागायला गेलं की जिवलग दोस्तही चहाची बशी खाली ठेवून विचारात पडतो. चेकचंही तेच. चेकच्या मागे सही करून तो दुसऱ्याच्या हवाली करतात, त्याला पृष्ठांकन म्हणतात. १८८१च्या कायद्याप्रमाणे चेक वटला नाही तर मागे सही करणाराही पैशाला बांधील. मात्र सही करतानाच ‘माझ्यावर जबाबदारी नाही’ असं लिहून सुटायची सोयही त्याच कायद्यात ठेवलीय.

आपल्या पुस्तकांवरच्या बहुतेक शिफारशी या सुटायच्या सोयीतल्या आहेत. अनुभव दाहक आहे, भाषा रांगडी आहे, पण कलेच्या अंगाने अजून… त्या ‘पण’मध्ये सगळी जबाबदारी झटकलेली असते. वर नाव मोठं, खाली हात वर.

१९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकर तिथे परीक्षक होऊन बसत नाहीत. हे जग आपल्या पांढरपेशा जगाच्या हद्दीबाहेरचं आहे हे ते मान्य करतात, कवीकडून समजून घेतात. हा प्रामाणिकपणा मी मानतो. पण ती प्रस्तावना कुणासाठी? कामाठीपुऱ्यातल्या माणसाला तिची गरज नव्हती. पांढरपेशा वाचकाला तो परवाना होता: आपला माणूस जाऊन आला, आता तुम्हीही जा. दोष तेंडुलकरांचा नाही. दोष त्या वाचकाचा, ज्याला ढसाळ वाचायला आधी तेंडुलकर लागतात.

कागदावरचा पाठिंबा किती महाग पडतो ते मराठवाड्याला विचारा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव मंजूर केला. हात वर करणाऱ्यांचं काय गेलं? गावोगाव वस्त्या जळाल्या, पोचीराम कांबळेंचा खून झाला आणि ठराव बासनात गेला. अंमल व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं, तोही नामविस्तार म्हणून. सही एकाची, वसुली दुसऱ्याच्या घरातून!

आणि दाखल्याशिवाय आपलं अडतं का? लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ साली बाबासाहेबांना परिषदेचं अध्यक्षपद दिलं. भाषण आधी वाचून मंडळाला घाम फुटला. काही मजकूर गाळा म्हणाले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. परिषदच रद्द झाली. मग बाबासाहेबांनी ते भाषण पदरच्या पैशाने छापलं, दीड हजार प्रती काढल्या. आज ते ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ जगभर वाचतात, आणि त्या मंडळाचं नाव कुणाच्या तोंडी आलंच तर या पुस्तिकेमुळे.

म्हणून नव्या लिहिणाऱ्या दोस्तांनो, प्रस्तावनेसाठी कुणाचे उंबरे झिजवायच्या आधी त्या माणसाला सरळ विचारा. पुस्तकावर ओरड झाली तर तुम्ही जाहीर सभेत येऊन बोलाल का? पुस्तक अभ्यासक्रमातून काढा म्हणाले तर समितीत भांडाल का? फौजदाराने बोलावलं तर सोबत चौकीत याल का? हो म्हणाला तर तो कुठल्याही जातीचा असो, त्याची सही मानाने घ्या. आढ्याकडे बघायला लागला तर उठा, जयभीम करा आणि मलपृष्ठ कोरं ठेवा. छपाईही तेवढीच स्वस्त पडेल.