डोंगरउतारावरील मातीचा काळ : एक परीक्षण

लातूर जिल्ह्यांत औसा तालुक्यांतील खरोसा येथील लेणीं जांभ्या दगडाच्या टेकडींत कोरलेलीं आहेत. त्यांचा काळ शिल्पशैलीवरून इसवी सनाचें सहावें-सातवें शतक असा मानितात. शैलीखेरीज दुसरा पुरावा हवा, म्हणून टेकडीच्या उतारावर सांठलेल्या मातीचा प्रकाशोत्सर्जन-पद्धतीनें काळ काढावा, असें कोणासहि वाटणें स्वाभाविक आहे. ही अपेक्षा कितपत साधार आहे, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

मातींतील गारेच्या व फेल्डस्पार खनिजाच्या कणांत भोंवतालच्या किरणोत्सर्गानें ऊर्जा सांठत जाते आणि सूर्यप्रकाश लागतांच ती निघून जाते. कण गाडला गेला कीं सांठा पुनः सुरू होतो. अंधाऱ्या खोलींत तो कण प्रकाशानें चेतविला असतां जें तेज बाहेर पडतें, त्यावरून एकंदर सांठा कळतो. त्यास वार्षिक किरणमात्रेनें भागिलें म्हणजे गाडल्यापासूनचीं वर्षें मिळतात. ही रीत हंटली प्रभृतींनीं १९८५ सालीं पुढें मांडिली. तत्पूर्वीं १९८२ सालींच राजस्थानांतील वाळूच्या टेकड्यांचा काळ उष्णतेनें तेज काढण्याच्या भगिनी-पद्धतीनें सिंघवी प्रभृतींनीं ठरविला होता.

परंतु वाळवंटांतील वाळू वाऱ्यावर उडते व उन्हांत न्हाऊन निघते. उताराची माती एखाद्या मुसळधार पावसांत, कदाचित् रात्रीं, लगद्यासारखी खालीं येते. पोथ्या चाळणारांस ही अडचण नवी नाहीं. कित्येक लेखक मूळ प्रतीचा शक समाप्तिलेखासह जसाच्या तसा उतरून घेतात, आणि नवी पोथी शंभर वर्षें जुनी ठरते. ऊन न लागलेला कण हेंच करितो. यावर उपाय म्हणून एकेक कण निराळा मोजून सर्वांत कमी सांठ्याच्या कणांस प्रमाण मानितात. पण वाळवी व घुशी वरची माती खालीं नेतात, तेव्हां त्यांतहि धोका आहेच.

आमच्या प्रांतांत याहून मोठी अडचण दगडाचीच आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणांत गार जवळजवळ नसते. जी मिळते ती बहुधा त्याच्या पोकळ्यांतील अकीक वगैरेंची. फेल्डस्पार असतो, पण त्यांतील सांठा हळूहळू गळतो व काळ कमी दिसतो. जांभा बनतांना तर फेल्डस्पारहि कुजून जातो. म्हणजे खरोशास मोजावयास कण तरी किती मिळणार?

आणि मिळाले तरी उत्तर कशाचें? लेणें कोरतांना पडलेल्या चुऱ्यावर माती बसली असेल, तर चुरा तिच्या पूर्वींचा, एवढेंच सिद्ध होईल. त्यांतहि कोरीव चुरा व जांभ्याची नैसर्गिक खडी एकमेकांपासून ओळखणें सोपें नाहीं.

पुणें जिल्ह्यांत कुकडीकांठीं बोरी येथील ज्वालामुखीच्या राखेचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें. तेथें पद्धत निराळी होती, तरी १९८९ त सुमारें १४ लक्ष वर्षें व १९९५ त ६,७०,००० वर्षें असे आंकडे आले. उलट राखेच्या रासायनिक घटनेवरून ती सुमारें ७४,००० वर्षांपूर्वींच्या टोबा-स्फोटाची ठरविणारेहि विद्वान आहेत. त्या राखेशीं संबद्ध दगडी हत्यारांचें वय सांगणारानें यांपैकीं एकच आंकडा उद्धृत करणें आमच्या मतें अप्रामाणिकपणाचें होय.

मराठवाड्यांत आरंभ करावयाचा तर तो धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथील भाजलेल्या विटांपासून करावा. भट्टींत जुना सांठा पुरता जळून जातो, त्यामुळें निदान एक संशय कमी होतो. उताराच्या मातीकडे मागाहून वळावें, आणि नमुना काढतांना नळी उजेडांत उघडूं नये.